भाद्रपदातील देवयानी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी रात्री झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर नागपूरहून, पुण्याहून व्यासंगी वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने घरच्याच माणसाला उभे केले आहे. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला. शिक्षण इंजिनिअरिंगच्या पदविकेपर्यंत. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. आहे ती सहा इंच व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण आणि बारा वर्षांचा छंद. बिलासपूरच्या आपल्या कॉलनीत मला नेहमी विचारतात, "एवढे मोठे नळकांडे गाडीत घालून रात्री-अपरात्री जाता, त्यातून दिसते तरी काय?" या प्रश्नाचे उत्तर आज द्यायचे आहे, आणि शेवटी मंडळाकडे एक मागणे मागायचे आहे.

फलकावर विषय 'देवयानी' असा लिहिला आहे. तो वाचून काहींना ययातीची कथा ऐकायला मिळेल असे वाटले असेल. कथेतली ही मंडळी आकाशातही शेजारी-शेजारीच आहेत. देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाती अशी तीन तारकासमूहांची नावे आपल्या मराठी पुस्तकांत आहेत. पण मी बोलणार आहे ते देवयानी या तारकासमूहात दिसणाऱ्या एका दीर्घिकेबद्दल.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड मोठे नगर. आपला सूर्य ज्या नगरात राहतो ते नगर म्हणजे आकाशगंगा. देवयानी दीर्घिका हे आपल्या शेजारचे मोठे नगर. त्यात सुमारे एक लाख कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. तिचा आकार सर्पिल आहे. दिवाळीत भुईचक्र पेटले की ठिणग्यांच्या वळणदार रेघा बाहेर पडतात, तशा ताऱ्यांच्या भुजा तिच्या केंद्राभोवती गुंडाळलेल्या आहेत. कॅलेंडरवर, शाळेच्या पुस्तकात तुम्ही तिचा फोटो पाहिला असेल. मधे पिवळसर तेज, भोवती निळसर भुजा, त्यांच्यामधून काळ्या धुळीचे पट्टे.

आता माझ्या दुर्बिणीतून काय दिसते ते सांगतो. राखाडी रंगाचा एक लांबट डाग. मधे उजळ, कडेला विरत गेलेला. निळा रंग नाही, भुजा नाहीत, चक्र नाही. आजचे सगळे व्याख्यान या डागाबद्दलच आहे.

ती सापडते कुठे?

आपला गणपती भाद्रपदात येतो. या महिन्याचे नाव कशावरून पडले? या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पूर्वाभाद्रपदा किंवा उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या आसपास असतो, म्हणून हा भाद्रपद. या दोन नक्षत्रांतले दोन-दोन तारे मिळून आकाशात मोठा चौकोन होतो. सप्टेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास पूर्वेला तोंड करून उभे राहिलात की हा चौकोन बराच वर आलेला दिसेल. आत फारसे तारे नसल्यामुळे तो चटकन ओळखू येतो.

त्याचा खालचा डावा कोपरा पकडा. तेथून डावीकडे खाली जात दोन तारे मोजा. पहिला थोडा फिकट, दुसरा चांगला ठळक. हा दुसरा तारा आपले जंक्शन. इथे गाडी बदलायची. काटकोनात वळून डावीकडे वर दोन फिकट तारे मोजा. दुसऱ्या ताऱ्याला लागूनच आपले स्टेशन आहे. आकाश खरोखर अंधारे असेल तर तिथे नुसत्या डोळ्यांनीसुद्धा पुसट ढगाचा तुकडा दिसतो. दुर्बीण नसेल तर साध्या द्विनेत्रीतूनही ती छान दिसते.

आता चंद्राचे. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असे आपल्याकडे सांगतात. आम्हा आकाश पाहणाऱ्यांचा चंद्रावर रोजचाच राग असतो! चतुर्थीचा चंद्र निदान साडेआठ-नऊला मावळतो आणि पुढची रात्र मोकळी मिळते. आजच्या षष्ठीला तो दहा-साडेदहापर्यंत थांबेल. पुढे तो वाढत जातो आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर आकाश उजळून टाकतो. मग देवयानी पुन्हा चांगली दिसते ती विसर्जनानंतर आठवड्याने, पितृपक्षात. पाऊस उघडला आणि हवा धुतलेली असेल तर त्या रात्रींना तोड नाही.

पाहायचे कसे?

दुर्बिणीला डोळा लावला की लगेच दिसते असे नाही. उजेडातून आलेल्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो. तोवर मोबाईलकडे पाहायचे नाही. एकदा पडदा पेटवला की अर्धा तास पाण्यात गेला. नकाशा पाहण्यासाठी लाल उजेड चालतो, त्याने डोळ्याची सवय फारशी मोडत नाही. आमच्याकडे लाल, हिरवा आणि पांढरा उजेड देणारा तिरंगी टॉर्च असतो. पण रुळाच्या आसपास लाल दिवा हातात धरणे म्हणजे गाडीला थांबण्याची खूण करणे. म्हणून मी साध्या टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळतो आणि लाइनपासून चांगला लांब, शेतात जाऊन बसतो. बालमित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. लाल दिव्याचा खेळ रुळाजवळ कधी करायचा नाही.

दुसरी गोष्ट तिरक्या नजरेची. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी रंग आणि बारकावे ओळखणाऱ्या पेशी असतात. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी तिथे नसतात, त्या भोवताली असतात. म्हणून फिकट वस्तूकडे थेट पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर किंचित बाजूला ठेवली की उमटते. रंग दिसत नाही त्याचेही कारण हेच. एवढ्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत.

सहा इंचाचा आरसा आपल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे ४५० पट प्रकाश गोळा करतो. तरीही पूर्ण देवयानी माझ्या दुर्बिणीत एका वेळी मावत नाही. आकाशात तिची लांबी सुमारे तीन अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट आहे. माझ्या दुर्बिणीतून एक अंश दिसतो. केबिनच्या एका खिडकीतून लांबलचक मालगाडी पाहावी तसे ते आहे. दुर्बीण हळूहळू सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जावे लागते. अशी सरकवताना तिच्याजवळचे दोन छोटे सोबती दिसतात. त्यांचे क्रमांक ३२ आणि ११०, आणि देवयानीचा ३१. हे क्रमांक फ्रान्सच्या शार्ल मेसिए यांच्या यादीतले. देवयानीची नोंद त्यांनी १७६४ मध्ये केली. चांगल्या रात्री, बराच वेळ पाहिल्यावर डागाची एक कड दुसरीपेक्षा जास्त धारदार वाटू लागते. तिथे धुळीचा काळा पट्टा आहे.

आमच्या खात्यात बिघाडाची नोंदवही असते. तिच्यात जे प्रत्यक्ष दिसले तेच लिहायचे असते. कारण काय असावे याचा अंदाज वेगळ्या रकान्यात जातो. दुर्बिणीशेजारीही मी अशीच वही ठेवतो. फोटो पाहून ठाऊक असते की भुजा आहेत, म्हणून मन त्या दाखवू पाहते. पण दिसल्या नाहीत तर 'दिसल्या नाहीत' असेच लिहायचे. ही शिस्त फार मोलाची आहे, कारण या डागाचा इतिहासच तिच्यावर उभा आहे.

इराणमधल्या अल-सूफी यांनी इ.स. ९६४ मध्ये आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची नोंद लहानसा ढग अशी केली. दुर्बीण आल्यावर १६१२ मध्ये जर्मनीच्या सायमन मारिउस यांनी ती रोखली. त्यांना कंदिलाच्या शिंगाच्या काचेआडून मेणबत्ती दिसावी तसा उजेड दिसला. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली आणि १८४५ मध्ये मेसिएच्या यादीतल्या ५१ क्रमांकाच्या धूसर ठिपक्यात त्यांना पहिल्यांदा सर्पिल भुजा दिसल्या. पण ती दीर्घिका आपल्याला समोरून दिसते. देवयानी बरीचशी कडेकडून दिसते, म्हणून तिच्या भुजा उलगडत नाहीत. १८४७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून जॉर्ज बाँड यांना तिच्यात दोन काळ्या रेघा दिसल्या. त्यांनी त्या रेघाच काढल्या, चक्र काढले नाही. शेवटी १८८८ मध्ये इंग्लंडच्या आयझॅक रॉबर्ट्स यांनी दीर्घकाळ उघडीप देऊन फोटो घेतला, तेव्हा कळले की बाँड यांच्या त्या काळ्या रेघा म्हणजे चक्राच्या भुजांमधली जागा होती. एवढ्या मोठ्या दुर्बिणीतूनही नुसत्या डोळ्याला जे चक्र म्हणून ओळखता आले नाही, ते माझ्या सहा इंचात दिसले नाही तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

ती किती लांब?

हे गणित सिग्नलवाल्याला चटकन समजते. दिवा किती वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो त्यावरून अंतर काढता येते. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. ताऱ्यांच्या बाबतीत अडचण अशी, की त्यांच्यावर वॅट लिहिलेले नसतात. ही अडचण हार्वर्डच्या हेन्रिएटा लेविट यांनी सोडवली. काही तारे ठराविक दिवसांनी उजळ-मंद होत राहतात. त्या फेरीला जितके जास्त दिवस, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. म्हणजे दिवस मोजले की वॅट कळले.

त्या काळी मोठा वाद चालू होता. हे धूसर ठिपके आपल्या आकाशगंगेतच आहेत की बाहेर? ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचा फोटो घेतला. काचेवरच्या एका ठिपक्याजवळ त्यांनी आधी नवताऱ्याची खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर ती खोडली आणि तिथे 'बदलता तारा' अशा अर्थाची अक्षरे लिहून पुढे उद्गारचिन्ह दिले. तो तारा सुमारे ३१ दिवसांत एक फेरी पूर्ण करत होता. हिशेब केला तर अंतर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर होती! पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की असे तारे दोन प्रकारचे असतात, आणि अंतर एकदम दुपटीवर गेले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे धरतात.

मुलांसाठी हेच रेल्वेच्या भाषेत सांगतो. ताशी १३० किलोमीटरने न थांबता गाडी सोडली तर चंद्रावर पोचायला सुमारे चार महिने लागतील. सूर्यावर पोचायला १३० वर्षे. आणि देवयानीला पोचायला सुमारे २१ लाख कोटी वर्षे, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या जवळजवळ १५०० पट.

मुले हमखास विचारतात, "काका, ती आपल्यावर आदळणार आहे ना?" ती आपल्या आकाशगंगेच्या दिशेने सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येते आहे हे खरे. पूर्वी टक्कर अटळ मानली जात होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, येत्या हजार कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मीच निघाली. तेव्हा गृहपाठ करून ठेवा!

आता एका जाणत्या माणसाबद्दल सांगतो. आपल्या कॉलनीतले, मेल गाड्यांवर हयात घालवून निवृत्त झालेले एक काका आज समोरच बसले आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर ते माझ्याबरोबर खोंगसराच्या पुढे, डोंगराच्या बाजूला आले. कटनी लाइनवरचा तो सगळा भाग त्यांचा पाठ आहे. दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "काही नाही रे यात." मी म्हटले, "काका, नजर जरा बाजूला ठेवा." थोड्या वेळाने म्हणाले, "हां. धुक्यात डिस्टंट सिग्नल दिसतो तसं." मग विचारले, "हे किती लांबचं?" मी सांगितले की हा उजेड तिथून निघून २५ लाख वर्षे झाली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हा निघाला तेव्हा बघणारं कोणी नव्हतंच की."

काकांनी एका वाक्यात सगळे सांगितले. तो प्रकाश निघाला तेव्हा आफ्रिकेत आपले दूरचे पूर्वज दगड फोडून हत्यारे करत होते. आपल्यासारखा माणूस जन्माला यायचा होता. पितृपक्षात आपण पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचे स्मरण करतो. एक पिढी २५ वर्षांची धरली तर हा प्रकाश एक लाख पिढ्या प्रवास करतो आहे. आणि तो फोटोतला, छापलेला प्रकाश नव्हे. तोच मूळ प्रकाश तुमच्या डोळ्यात येऊन संपतो. फोटो कितीही सुंदर असला तरी ही गोष्ट त्यात नाही. फिकट डागात ती आहे.

परतताना काकांनी दुसरा प्रश्न विचारला. "मी गाडीत बसून आलो. ज्यांना येता येत नाही त्यांचं काय? आपल्या कॉलनीतून का नाही दिसत?"

त्याचे उत्तर असे. पूर्वी दिसायचे. माझ्या लहानपणी रात्री लाइट गेली की अंगणात बाज टाकून आम्ही झोपायचो आणि डोक्यावर आकाशगंगेचा पट्टा असायचा. आज कॉलनीतून दुर्बिणीत देवयानीचा फक्त मधला ठिपका उरतो, बाकी सगळी उजेडात बुडते. मोठी दुर्बीण घेऊन हे सुटत नाही, कारण मोठा आरसा देवयानीचा प्रकाश जितका जास्त गोळा करतो, तितकाच आकाशात पसरलेला दिव्यांचा उजेडही गोळा करतो. दुर्बीण पैशाने मिळते. साधी दुर्बीण आज एका चांगल्या मोबाईलच्या किमतीत येते. अंधार मात्र राखावा लागतो.

दिवे नकोत असे मी रेल्वेचा माणूस कसे म्हणेन? दिव्यांवरच आमच्या गाड्या चालतात. पण सिग्नलचा दिवा पाहा. जुन्या रंगीत सिग्नलमध्ये १२ व्होल्टचा, २४ वॅटचा दिवा असे आणि तो एक किलोमीटरवरून दिसे. का? कारण पुढे भिंग असते आणि वर छत्री असते. जिथे ड्रायव्हर आहे तिथेच उजेड जातो. आपल्या रस्त्यांवरचे आणि मैदानावरचे दिवे मात्र आकाशालाही उजळत बसतात. दिव्याचे तोंड खाली, वर छत्री, आणि गरज संपली की बंद, एवढे केले तरी रस्त्यावर उजेड कमी होत नाही आणि आकाश परत मिळते. लडाखमधल्या हानले येथे २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशासाठी राखीव क्षेत्र जाहीर झाले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प. त्याला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. तिथे आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवेही खाली तोंड करून बसवले गेले. गावांना जमले ते कॉलनीला जमावे.

म्हणून माझे मागणे. पितृपक्षातल्या अष्टमीनंतर जो पहिला शनिवार येईल, त्या रात्री नऊ ते दहा, एक तास आपल्या मैदानावरचे मोठे दिवे बंद ठेवावेत. रस्त्यावरचे दिवे चालू राहतील, सुरक्षेला काही बाधा येणार नाही. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल. ढग आले तर कोजागिरीनंतर आठवड्याने पुन्हा प्रयत्न करू. दुर्बीण मी आणीन, द्विनेत्री ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणावी. आजी-आजोबांसाठी खुर्च्या मंडळाच्या आहेतच. मोबाईल घरी ठेवून यावे. कॉलनीतून खोंगसराइतके दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. पण आजच्यापेक्षा नक्कीच जास्त दिसेल.

ज्यांना आधी वाचायचे असेल त्यांनी डॉ. जयंत नारळीकर यांचे 'आकाशाशी जडले नाते' हे पुस्तक जरूर वाचावे. २०२५ च्या मे महिन्यात ते आपल्यातून गेले. आपल्या भाषेत विश्व समजावून देणारा एवढा मोठा माणूस आपल्याला लाभला होता, याची आठवण मुलांना करून द्यावी.

आणि दुर्बिणीला डोळा लावल्यावर कोणी "एवढंच?" असे विचारले तर रागावू नका. त्याला नजर जरा बाजूला ठेवायला सांगा आणि थोडे थांबायला सांगा.